लाल अक्षरातलं नाव

अन्वरभाई कुणालाही पत्ता सांगायचे तो सीबीएसपासून, म्हणजे शहरातल्या मुख्य बसस्टँडपासून. एखादा पेशंट आमच्या दवाखान्याच्या दारात उभा राहून समोरच्या गल्लीतलं मेडिकल विचारत असला, तरी हे सुरू करणार, "सीबीएसवरून निघा..." समोरचा बिचारा म्हणायचा, "अहो, मी इथंच उभा आहे." त्यावर अन्वरभाई अगदी शांतपणे म्हणत, "आज इथं उभे आहात. उद्या दुसरीकडून आलात तर?" पेशंट माझ्याकडे बघायचा. मी मान हलवून सांगायचे, की ऐकून घ्या, सुटका नाही.

नाशिकमधल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढते. साखरेच्या पेशंटना ठरावीक महिन्यांनी यावं लागतं. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून डॉक्टर मॅडम ठरवतात, आजार वाढलाय की थांबलाय. हे फोटो ज्या सर्व्हरवर असत, तो अन्वरभाईंच्या ताब्यात होता. एका डिस्कवर जागा संपली की ते फोटो दुसऱ्या डिस्कवर ठेवत. पण आम्हाला दिसायचं ते एकच फोल्डर, त्यात पेशंटची नावं. नावावर क्लिक केलं की फोटो उघडे. ते फोटो तिथे नसतच. ते नाव म्हणजे नुसता एक बाण होता, दुसरीकडे पडलेल्या फोटोंकडे दाखवणारा. त्याला ते लिंक म्हणत.

एकदा सकाळी त्यांच्या काळ्या स्क्रीनवर निम्मी नावं लाल झाली आणि माझ्याकडे त्यांतला एकही फोटो उघडेना. अन्वरभाईंनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या (स्वेटर त्यांचा बाराही महिने असे) आणि ls -l एवढंच टाइप केलं. प्रत्येक नावापुढे बाण आणि बाणापुढे पत्ता आला. "लाल दिसलं म्हणजे मेलं असं नाही, ताई. वस्तू जागेवर असते. बाण चुकलेला असतो." कुणीतरी लिंक करताना 'बाजूच्या फोल्डरमध्ये' असा पत्ता दिला होता. फोल्डर हलवलं, बाजू बदलली. अन्वरभाईंनी मुळापासूनचा पूर्ण पत्ता देऊन लिंक पुन्हा केल्या. त्यांचं सीबीएस मला त्या दिवशी कळलं.

लिंक करायला त्यांनी मलाही शिकवलं. ln -s लिहायचं, मग फोटोंचा पत्ता, मग नाव. मी हटकून उलटं लिहायचे. ते न चिडता म्हणायचे, "आधी वस्तू, मग नाव. मूल झाल्यावर बारसं करतात ना?" आणि काहीही डिलीट करण्याआधी स्वतःलाच मोठ्याने विचारायचे, "नाव आहे की वस्तू?" नाव उडालं तर परत ठेवता येतं, वस्तू उडाली की संपलं. जुन्या खुर्च्या भंगारात काढतानासुद्धा त्यांनी हे विचारलेलं मी ऐकलंय.

मग त्यांच्या बायकोची, शमीमभाभींची, किडनी गेली. एक दिवसाआड डायलिसिस. भाभींना घरी सोडून अन्वरभाई दुपारी कामावर येत, डबा उघडत आणि न खाता बंद करत. विचारलं तर म्हणत, "चालू आहे." माणूस आतून किती दमलाय हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि सर्व्हर दुसऱ्या कुणाला येत नव्हता, म्हणून आम्हीही त्यांनाच हाका मारत राहिलो.

अशाच एका दुपारी ते बंद पडलेली नावं साफ करायला बसले. दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत नावं, दुसरीत फोटो. त्या दिवशी त्यांनी स्वतःला काही विचारलं नाही. नावं काढतोय असं समजून त्यांनी जुने फोटो काढून टाकले. पलीकडच्या खिडकीतली नावं लाल झाली. बॅकअपची डिस्क लावली, तर तिच्यावरही नुसती नावं आणि बाण. बाण जिकडे जातो तिथलं उचलून आण, असं बॅकअपला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम अन्वरभाईंचंच होतं.

ते उठून मॅडमकडे गेले. "मॅडम, मशीन बिघडलेलं नाही. मी दमलो होतो, आणि दमलेल्या माणसानं डिलीटला हात लावायला नको होता." मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चांदवडच्या सुमनबाई बाहेर बसल्यात. जुना फोटो नसेल तर डोळ्यात सुई द्यायची की नाही, मी कशावरून ठरवू?"

तेव्हा मला आठवलं, की माझ्या कॅमेऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये कच्चे फोटो पडून असतात. होतेही. पण त्यांवर तारीख होती, नाव नव्हतं. नाव मी नंतर सर्व्हरवर टाकायचे. अन्वरभाईंनी तारखेवार ढीग उघडून पाहिले. "वस्तू आहेत. नावं गेली," ते म्हणाले. सुमनबाईंच्या कार्डावर मागच्या भेटीची तारीख होती. त्या दिवसाचा ढीग उघडला आणि त्यांचा नवा फोटो शेजारी ठेवून आम्ही शिरा जुळवत बसलो. पडद्यावरच्या शिरांची जाळी प्रत्येकाची वेगळी असते. त्यांच्या उजव्या डोळ्यात एक शीर गाठ मारल्यासारखी वळली होती, तीच जुन्यातही सापडली.

"घावलं का माझं?" सुमनबाईंनी विचारलं. आजार होता तिथंच थांबला होता. "मंग सुई नाय ना? लय बरं झालं," म्हणत त्या गेल्या. अन्वरभाईंनी त्यांची लिंक केली. नाव लालचं आकाशी झालं.

पुढे आमचं कामच ते झालं. बाकीची लाल नावं अन्वरभाईंनी काढून टाकली. जुना पेशंट आला, की नवा फोटो काढायचा, त्याच्या तारखेच्या ढिगातून त्याचे डोळे ओळखायचे आणि नाव जोडायचं. जो परत येईल त्याचंच नाव लागत होतं.

शमीमभाभींचाही फोटो मी पूर्वी काढला होता. "आत काय दिसतं?" त्यांनी विचारलं होतं. शिरा, म्हटलं, तर म्हणाल्या, "ह्यांना दाखवा. ह्यांना माझ्या डोक्यातलं काहीच कळत नाही." पुन्हा फोटोला यायच्या आत त्या गेल्या.

काही दिवसांनी अन्वरभाई कामावर आले आणि भाभींच्या तारखेचा ढीग उघडून बसले. एकेक डोळा बघत होते. "इतकी वर्षं हिच्या डोळ्यांकडे बघत आलो, ताई. आतून ओळखता येत नाही." मग म्हणाले, "बाकीचे येत जातील, आपापले घेऊन जातील. शेवटी राहील ती शमीम." त्यांनी नावांच्या फोल्डरमध्ये शमीमची लिंक करून ठेवली. पुढे पत्ता दिला तो भाभींचा फोटो ओळखू आल्यावर जिथं ठेवायचा, त्या अजून रिकाम्या जागेचा. कॉम्प्युटर अशी लिंक करू देतो, फक्त ती लाल दिसते. आयुष्यभर आम्हाला बजावून त्यांनी स्वतः एकदाच आधी नाव ठेवलं.

निवृत्त होऊन ते मालेगावला मुलीकडे गेले. आता सर्व्हर बघायला एका कंपनीचा माणूस येतो. प्रत्येक वेळी तो मला विचारतो, "मॅडम, एक लिंक तुटलेली आहे, काढून टाकू?" मी म्हणते, राहू द्या.

भाभींच्या तारखेच्या ढिगात आता दोघांचेच डोळे उरलेत. त्या दिवशीच्या नोंदवहीप्रमाणे एक भाभी, दुसरे कळवणचे एक गृहस्थ. त्यांचा फोन लागत नाही. कळवणचं कुणी आलं की मी त्यांची चौकशी करते.

अन्वरभाईंचा मधूनमधून फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी सगळं बोलून झालं की विचारतात, "ताई, नाव लालच आहे ना अजून?"

"लालच आहे."

"असू द्या. वस्तू आहे आत," ते म्हणतात आणि फोन ठेवतात.