वहीतली किटली

टायपिस्ट मावशींचं डोकं सहजासहजी भणभणत नसे. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, जिथे कोठडीत मार खाल्लेल्यांच्या आणि उचलून नेलेल्यांच्या घरच्यांच्या जबान्या लिहून घेतल्या जातात, तिथे त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. रडणारे, ओरडणारे, एकदा तर खुर्ची फेकणारे, सगळे त्यांनी पचवले होते. पण मदतवाले साहेब इतक्या नम्रपणे बोलले की मावशींना काही सुचेचना.

साहेब एका मोठ्या देणगीदार संस्थेचे. तीन वर्षांचा सगळा खर्च उचलायची त्यांची तयारी होती. जबान्या वाचताना त्यांनी दोनदा चष्मा काढून पुसला, तोही दिखाव्यासाठी नव्हे.

"फक्त पाच माणसं द्या, मावशी. खरं नाव, फोटो आणि थोडी हकिगत. आमच्या अहवालात छापायला."

आता या ऑफिसची एक रीत होती. वहीत कुणाचंच नाव नसे. फार पूर्वी एकदा साध्या कपड्यांतली माणसं येऊन वही घेऊन गेली होती आणि आठवड्याभरात वहीतल्या प्रत्येकाच्या दारावर थाप पडली होती. तेव्हापासून माणूस पहिल्यांदा जिना चढून येईल त्या दिवशी त्याच्या हातात जे असेल, तेच त्याचं नाव. मोडका चष्मा. पितळी कुलूप. अर्धा स्वेटर. खरी नावं फक्त मावशींच्या डोक्यात. "मला उचलून नेलं तरी तोंड उघडायची नाही," असं त्या फुशारकीने सांगत, आणि ते खरं वाटे, कारण एकोणीस वर्षांत त्यांनी पगारवाढीसाठीही तोंड उघडलं नव्हतं.

"साहेब, नावं द्यायची आमच्यात पद्धत नाही," मावशी म्हणाल्या.

"मला कळतं हो. पण मागच्या वर्षी एका संस्थेने आम्हाला साठ माणसांच्या हकिगती दिल्या. साठातला एकही माणूस जन्माला आलेला नव्हता. आता मी वर काय तोंड दाखवू?"

हेही खरंच होतं. साहेब वाईट असते तर मावशींना किती सोपं गेलं असतं!

ऑफिसच्या वकीलबाईंनी मावशींना बाजूला घेतलं. "मावशी, हे पैसे आले नाहीत तर महिनाअखेर इथे टाळं लागेल. किटलीचा कोर्टातला अर्जही दाखल व्हायचा नाही. पण तिचं नाव छापून आलं आणि तिच्या नवऱ्याला नेणाऱ्यांनी ते वाचलं, तर? मला काही समजत नाही. तुम्हीच सांगा."

तुम्हीच सांगा! कायदा शिकलेल्या बाईने हात वर केल्यावर टायपिस्टने काय सांगायचं?

किटली सहा वर्षांपूर्वी आली होती. नवऱ्याला चौकशीसाठी नेलं म्हणून ती तीन दिवस चौकीवर चहा घेऊन जात होती आणि तीन दिवस तिला एकच उत्तर मिळत होतं, या नावाचा माणूस इथे नाही. तिसऱ्या दिवशी ती तशीच भरलेली किटली घेऊन जिना चढली. नवरा अजून परतला नव्हता. त्याला आत नेताना पाहिलेली ती एकटीच.

मावशींनी साहेबांचा फॉर्म पुढे ओढला. निदान पहिलं नाव तरी लिहून बघू, मग द्यायचं की नाही ते ठरवू, असा त्यांचा विचार. पेन टेकवलं आणि हात थांबला. किटलीचं नाव आठवेना.

आधी त्यांना वाटलं, घाईत होतं असं. मग मोडका चष्मा आठवून पाहिला, आठवला. कुलूपही आठवलं. किटली मात्र किटलीच. तिची बोटं आठवत होती, जबानीतलं प्रत्येक वाक्य आठवत होतं. कुणाला काही न सांगता त्यांनी चपला घातल्या.

किटली लाँड्रीत इस्त्री करायची. मावशींना पाहताच तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"त्यांचं काही कळलं का?"

"नाही गं बाई, तसं नाही." मावशींनी साहेब, अहवाल, टाळं, सगळं सांगून टाकलं. "दे नाव, असंही मी म्हणत नाही आणि नको, असंही नाही. माझं डोकंच चालत नाहीये. आणि... तुझं नाव मी विसरले गं."

किटलीने इस्त्री उभी करून ठेवली.

"तिथे म्हणाले, या नावाचा माणूस इथे नाही," ती हळूच म्हणाली. "तुमच्या वहीत या नावाची बाई नाही, ते मला माहीत होतं. पण तुमच्याकडे आहे असं वाटायचं, मावशी."

मावशी तिथेच, चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडल्या. किटलीने त्यांना पाणी दिलं आणि आपलं नाव सांगितलं. मग पुन्हा सांगितलं आणि मावशींकडून म्हणवून घेतलं.

"छापायचं की नाही, मलाही कळत नाही," ती म्हणाली. "भीती वाटते. आणि मी कुठेच नाही, याचीही वाटते. त्या साहेबांना इथे येऊन बसायला सांगा. मी आहे की नाही, ते डोळ्यांनी बघू देत. नावाचं मी नंतर ठरवीन."

वाटभर मावशी ते नाव पुटपुटत राहिल्या. साहेब मानतील की फाईल मिटून निघून जातील, काहीच कळत नव्हतं. जिना चढून त्यांनी निरोप जसाच्या तसा सांगितला. साहेबांनी कोरा फॉर्म उचलून बॅगेत ठेवला. वर काय सांगायचं, हे त्यांनाही सुचत नसावं.

"बरं, तिथे जाऊन बसतो," अखेर ते उठत म्हणाले. "नाव काय म्हणालात त्यांचं?"

नाव मावशींच्या अगदी ओठांवर होतं.

"त्या सांगतील," मावशी म्हणाल्या.