सोहोनींचा चौदा रकान्यांचा तक्ता

रमाकांत सोहोनींना एखादी वस्तू स्वस्त मिळाली की आनंद होत नसे, संशय येई. "स्वस्त दिली ते ठीक, पण काटकसर कुठे केलीय?" रेल्वेत छत्तीस वर्षं सिग्नल सांभाळलेला इंजिनिअर. शेवटची बदली लखनौला झाली आणि निवृत्तीनंतर गृहस्थ तिथल्याच सरोजिनी नगरात घर घेऊन राहिले. डोक्यातलं टेंडर मात्र काही निवृत्त झालं नाही. साधा मिक्सर घ्यायचा तरी तीन दुकानं आणि तुलनेचा तक्ता!

या वेळी लॅपटॉप घ्यायचा होता, तोही बायकोसाठी. मराठी मंडळाने प्रतिमाताईंना रविवारी चार वाजता मुलांचा ऑनलाइन मराठी वर्ग सुरू करायला सांगितलं होतं. इथली मराठी घरांतली पोरं; आईचं बोलणं सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. नवऱ्याच्या बदल्यांपायी प्रतिमाताईंनी तीन शाळा सोडल्या होत्या. साठीत पुन्हा वर्ग मिळतोय म्हणून बाई हरखून गेल्या होत्या. फोनच्या पडद्यावर बारा चेहरे मावणार नव्हते. "अहो, रविवारच्या आत आणा हं," एवढंच त्या म्हणाल्या.

झालं! सोमवारपासून सोहोनी रोज दुकानात. लॅपटॉप उलटा करून बघ, झाकण वाकवून बघ, बिजागरी कुरकुरते का ते कान लावून ऐक. हा इतका हलका कसा? अंग प्लास्टिकचं. हा चटकन सुरू होतो, मग स्वस्त का? मेमरी आतल्या बोर्डालाच जोडलेली, पुढे वाढवता येत नाही. आणि हा जुना, कुठल्याशा ऑफिसातून आलेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला? कीबोर्डच्या कळा दणकट, पण बॅटरी दमलेली आणि वजन पाट्या-वरवंट्याचं. एका उत्तरातून दोन प्रश्न निघत आणि सोहोनींचे डोळे लकाकत. दुकानदार अनीशने शेवटी हात जोडले, "अंकलजी, लैपटॉप ले रहे हैं या दामाद?"

शनिवारी तक्ता पुरा झाला. चौदा रकाने! जो नवा आणि हलका होता, तोच पहिला आला. पैसे देण्याआधी त्यांनी प्रतिमाताईंना दुकानात नेलं, ते केवळ रिवाजापुरतं. रेल्वेत ज्याला माल हवा असतो त्याची सही अशीच सगळं ठरल्यावर घेतात.

प्रतिमाताईंनी त्यावरून वर्गाला येणाऱ्या अंतराला व्हिडिओ कॉल लावला. पोरगी काहीतरी बोलली. "काय गं?" ती पुन्हा बोलली. ताई वाकल्या, उजवा कान कळांना टेकवला आणि हसून म्हणाल्या, "हो हो, छान!"

"अगं, वर्ग किती वाजता ते विचारतेय ती!" सोहोनी गरजले.

ताईंचा चेहरा उतरला. "डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही हो. दोन वर्षं झाली."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुमचं सगळं ऐकू येतं ना. तुम्ही कुठे कधी हळू बोलता?"

सोहोनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा रकान्यांत आवाजाचा एकही नव्हता. बिजागरीची कुरकुर ऐकणाऱ्या माणसाला बायकोचा कान कळला नव्हता! त्यांनी तो नवा लॅपटॉप उलटा केला. स्पीकर तळाला, थेट टेबलाकडे तोंड करून. मग तो जुना धोंडा ओढला. त्याचे स्पीकर वर होते, कळांच्या दोन्ही बाजूंना. अंतराला पुन्हा कॉल लावला आणि या खेपेला ताईंनी तिला बरोबर उत्तर दिलं.

"इसकी बैटरी थकी हुई है, अंकलजी," अनीशने आठवण करून दिली.

"हम भी थके हुए हैं. तार लगाकर चला लेंगे."

मग सोहोनी बायकोच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "अजून काय हवंय तुला? आता तू सांग."

रविवारी चारला बारा चेहरे पडद्यावर आले. एक पोरगा ओरडला, "आंटी, हमारी आवाज़ आ रही है?"

"येतेय रे," प्रतिमाताई म्हणाल्या. "आता हेच मराठीत विचार."