ती हळद नव्हती

सुगनकाकींनी माझी मुलगी माझ्या मांडीवरून उचलून खिडकीपाशी नेली, म्हणून ती आज आहे. त्यामुळे आधी त्यांचं नाव. महिन्यापूर्वी सकाळचा चहा घेता घेता त्या बसल्या जागी गेल्या. त्यांच्या सुनेनं मागच्या दारातून सांगितलं. काकी कुठंही निघाल्या की आधी दहा प्रश्न विचारायच्या. या खेपेला एकही नाही.

आम्ही कणकवलीकडचे. नवऱ्याला जालन्यात बियाण्यांच्या गोदामात काम लागलं आणि काकींच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार आला. काकींचं घर मारवाडी, पण चार पिढ्या इथलंच, बोलीही इथलीच. माझी शाळा सातवीत सुटली. काही विचारलं की अडाणीपण उघडं पडेल, या धाकानं मी गप्प राहायचे. बाळंतपणाला आई पाय मोडून अंथरुणाला, म्हणून माहेरी जाता आलं नाही. ती फोनवरून सांगायची, मी करायचे : बाळाच्या अंगाला डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद. पाचव्या दिवशी मीरा पिवळी दिसायला लागली. वाटलं, हळद जास्त झाली. दोनदा पुसून काढली. ती रडत नव्हती, प्यायलाही उठत नव्हती. मी आईला लेकीचं कौतुक करत म्हटलं, "चेडू शाणा आसा!"

दुपारी काकी आल्या. "लेकरू रडून न्हाई राह्यलं का?"

"शहाणी आहे, काकी."

"पाच दिवसाचं लेकरू कशाचं शहाणं? येडी का काय तू?"

खिडकीच्या उजेडात त्यांनी मीराच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून उचललं. लाली सरली, खाली पिवळंच उरलं. "हळद वर ऱ्हाते, पोरी. हे आतून हाये. चल जल्दी!"

दवाखान्यात कावीळ निघाली, तीही वाढलेली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवर पट्टी बांधून मीराला निळ्या दिव्याखाली ठेवलं. काकी दिव्याखाली डोकावून विचारत होत्या, "निळ्या उजेडानं पिवळं जातं कसं, बाई?" डॉक्टरीणबाई दमलेल्या, तरी थांबल्या. हा उजेड कातडीखालचं पिवळं बदलून टाकतो, मग ते शी-शूतून निघून जातं, म्हणाल्या. "आन् डोळे कशापायी बांधले?" मी काकींचा पदर ओढला. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लेकरू तुझं, आन् लाजून बसती? इचार ना!"

मी डॉक्टरीणबाईंना कसंबसं विचारलं, "हिला मधे पाजू का?"

"पाजायलाच हवं! दर दोन तासांनी, झोपली असली तरी उठवून." मी तर दिवा बंद होईपर्यंत हात लावायचा नाही, असं धरून बसले होते...

तिसऱ्या दिवशी मीरानं असं भोकाड पसरलं की शेजारच्या खाटा हसल्या. "आता झाली शहाणी," काकी म्हणाल्या.

पुढचा सव्वा महिना त्यांनी मला शेक, नाळ, तेल सगळं शिकवलं, पण जास्त करून त्या बघत बसायच्या. मीरानं जांभई दिली की, "हिला हे कुणी शिकवलं असंल गं?" झोपेत हसली की, "काय बघितलं असंल?" उत्तर मला यायचं नाही. त्यांनाही यायचं नाही. तरी दुपार सरायची.

आता त्यांची नात अंबडहून पहिल्या बाळंतपणाला इथं आली आहे. आजी नाही म्हणून घाबरली आहे, बोलत नाही. दवाखान्यात मी तिच्यासोबत जाणार. तिला जे विचारायला जड जाईल, ते मी विचारणार. काकी, एवढ्यानं तुमचं फिटत नाही, ठाऊक आहे. पण फेडीन.