जावईबापूंची माशी

भावजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठीकडून. ताईने ज्याला पसंत केलं होतं तो माणूस त्या दिवशी घरी भेटायला यायचा होता. बेल वाजली, मी दार उघडलं, तर समोर कुणीच नाही. खाली बघतो तो एक लांबलचक गृहस्थ आमच्या पायपुसण्यावर ओणवे होऊन त्याचे केस उपटतायत.

"नायलॉन," ते मान वर न करता म्हणाले. "पण काय गुणी आहे हो!"

आमच्या घरात इतक्या मायेने कुणी माझ्याबद्दलही बोललेलं नव्हतं. तासाभराने ते गेले, तेव्हा त्यांच्या खिशात पायपुसण्याची एक बट, माझ्या कोटाच्या कॉलरची खोटी फर आणि कपाटावरच्या कापडी अस्वलाचा अर्धा कान एवढा ऐवज होता. ताईचं मन त्यांनी आधीच उपटून नेलेलं होतं.

भावजी गालिच्यांच्या दुकानात विक्रेते. त्यांच्या कोपऱ्यातल्या नमुन्यांना हळूहळू टक्कल पडत असे आणि मालक हवेला दोष देत. लग्नानंतर दोघं आमच्याकडेच राहत, आणि भावजी घरी आले की टेबलाला छोटा शेगडा, म्हणजे लोखंडी पकड, आवळून, त्यात गळ पकडून, ते त्यावर कृत्रिम धागे बांधत. माशाने जिला खरी समजून गिळावं अशी ही खोटी माशी. बसून करायचं काम, आणि भावजींना बसता येत नसे. टेबलाखाली डावा पाय घोड्यासारखा चौखूर उधळलेला, त्यामुळे वर शेगडा थरथरतोय, धागे उडतायत. ते स्वेटरला चिकटत, भुवयांना चिकटत, सूपमध्ये पोहत.

आमचे बाबा जुन्या वळणाचे मासेमार. पिसं आणि खरी लव, बाकी सगळं थोतांड. "मासा म्हणजे काय तुमच्या दुकानातलं गिऱ्हाईक आहे, नायलॉन गळ्यात मारायला?" असं ते जावयाला दर जेवणाला विचारत. बाबांनी एकदा, फक्त एकदा, आपली माशी दोरीला लावावी, एवढीच भावजींची आस होती.

तो योग कसर नावाच्या किडीने आणला. त्या वर्षी बाबांनी पिसांची पेटी उघडली, तर आत नुसत्या काड्या आणि भुसा. पिसं, लव, बांधलेल्या माश्या, सगळं कसर खाऊन गेली होती. त्यात डॉक्टरांनी गुडघे दाबून सांगितलं, की गार पाण्यात उभं राहायचं हे शेवटचं वर्ष. मासेमारीचा मोसम रविवारी संपत होता. बाबा दोन दिवस ती पेटी उघडून झटकत राहिले. मग ताईला म्हणाले, "सांग तुझ्या नवऱ्याला. द्या म्हणावं एक."

झालं! भावजींची झोप उडाली. धाग्यांची चिमूट घ्यायची, टोकं ओढून लहानमोठी करायची, बांधायची, विंचरायची. कोरडी असताना माशी कशी गुबगुबीत, देखणी! पण खरी परीक्षा पाण्यात. धागे जास्त झाले तर तिचा झाडू होतो, कमी झाले तर शेपूट. भावजी बाथटबमध्ये तिला पोहवत, हळहळत, सोडवत, पुन्हा बांधत.

"अहो, मला आंघोळ करायचीय!" ताई बाहेरून ओरडे.

"कर ना. फक्त पाण्यात उतरू नकोस."

रविवार उजाडला तरी माशी टबातच. शेवटी बाबा स्वतः आत गेले आणि ओली माशी उचलून चालू लागले.

"बाबा, थांबा, दोन धागे जास्त आहेत!"

"मासा मोजत बसणार आहे का?"

नदीवर बाबा गुडघाभर पाण्यात उतरले. मी काठावर बसलो. भावजी गोट्यांवरून खडखड येरझारा घालत होते. पहिली फेक पडली आणि ती नायलॉनची बट पाण्यात चक्क श्वास घेऊ लागली. तिच्यामागून एक काळी सावली आली, हातभर लांब. अगदी जवळ आली, विचार केला आणि वळली.

"अरेच्चा," बाबा पुटपुटले. लग्नापासून जावयाला मिळालेली ही पहिली शाबासकी.

त्यांनी दुसऱ्या फेकीसाठी दोरी मागे उडवली आणि तेवढ्यात भावजी कात्री उगारून पाण्यात धावले. "बाबा! ते दोन धागे! म्हणूनच वळला तो!"

"अहो जावईबापू, बसा हो जरा एका जागी!" म्हणत बाबा मागे वळले, हात फिरला, आणि माशी काठावरच्या उंच झाडात जाऊन बसली. ओढली तशी दोरी तुटली.

"असो," बाबा म्हणाले. "दुसरी काढा."

भावजींनी कात्री खिशात घातली. बाहेर काढली. पुन्हा घातली.

"दुसरी नाहीये."

बाबा त्यानंतर पाण्यात उतरले नाहीत. माशी अजून झाडावर आहे. गळ गंजलाय, धाग्यांचा रंग गेलेला नाही.