एका दमात प्यायलेला दुधी

सकाळी आमच्या घरातला मिक्सर माझा नसतो. निवृत्त झाल्यापासून नवऱ्याने तो ताब्यात घेतला आहे. टेकडीवर फिरून खाली आलं की दुधी, कारलं, कडुनिंबाची पानं, मिळाला तर आवळा, वर चिमूटभर सैंधव. गाळायचं नाही. गाळलं की म्हणे सत्त्व जातं.

मी ग्रंथालयात नोकरी केली. आहार आणि आरोग्याची पुस्तकं लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. वरच्या फळीवर दूध अमृत असायचं, खालच्या फळीवर तेच दूध विष, आणि दोन्ही पुस्तकं सारखीच झिजून परत यायची. त्यामुळे मी या विषयावर वाद घालत नाही. चहा पिते आणि गप्प बसते.

टेकडीवरच्या मंडळाला मात्र गप्प बसणं मान्य नाही. तिथे एक अध्यक्ष आहेत, मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले. पूर्वी फायलीवर शेरे मारायचे, आता लोकांच्या जेवणावर मारतात. त्यांचा नियम असा की रसाचा पेला एका दमात संपवायचा आणि तोंड वाकडं करायचं नाही. जेवढं कडू तेवढं गुणकारी. वर्षभर हा नियम पाळल्याबद्दल माझ्या नवऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मानपत्रात त्यांनी जिभेवर विजय मिळवल्याचं लिहिलं होतं. नारळाची मी चटणी केली.

त्या सकाळी रसात दुधी होता तो अध्यक्षांच्या गच्चीवरचा. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः आणून दिला होता. ‘फवारणी नाही, खत नाही, शुद्ध,’ असं दारातच तीनदा सांगून गेले. नवऱ्याने नेहमीप्रमाणे रस केला, प्यायला, मिक्सरचं भांडं लगेच धुऊन पालथं घातलं. त्या बाबतीत माणूस शिस्तीचा आहे.

माझा चहा उकळत होता तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला. उलटी. थोड्या वेळाने पुन्हा. मग पोट धरून ते पलंगाच्या कडेला बसले आणि मला हाक मारण्याऐवजी अध्यक्षांना फोन लावला. स्पीकरवर.

“साहेब, सारख्या उलट्या होताहेत. जुलाबही सुरू झालेत.”

“उत्तम,” अध्यक्ष म्हणाले. “साठलेलं बाहेर पडतंय. अडवू नका. गोळीबिळी अजिबात घ्यायची नाही. दुपारी आणखी एक पेला घ्या.”

“अहो, चेहरा पांढराफटक पडलाय यांचा,” मी म्हणाले.

“वहिनी, शुद्धीच्या वेळी घरचे लोकच आधी घाबरतात.”

मी फोन बंद केला. नवऱ्याच्या कपाळावर गार घाम होता. ते उठून पुन्हा बाथरूमकडे निघाले आणि दारातच भिंतीला टेकून खाली बसले. “अगं, दिसत नाहीये नीट,” एवढंच बोलले. मग मी कुणाचं ऐकायला थांबले नाही. शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना खाली आणलं, रिक्षात घातलं. रिक्षावाल्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि पुढचा सिग्नल सरळ तोडला.

मुलगी हिंजवडीत नोकरी करते, राहते तिथेच. तिला वाटेतून फोन केला. “आई, मी निघालेय, पण सगळं जॅम आहे,” ती म्हणाली. “बाबांना बीपी आहे, वय बघ. आधी ईसीजी काढायला सांग. छातीत दुखतंय का विचार.”

विचारलं. “जळजळतंय,” ते म्हणाले. छातीत की पोटात, ते त्यांना सांगता येईना.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होती. तिने रक्तदाब घेतला, पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा घेतला. ईसीजीची पट्टी हातात धरून ती दिव्याखाली गेली.

“काकू, पट्टीत थोडा बदल दिसतोय. प्रेशर फारच खाली आहे. हार्ट अ‍ॅटॅक धरून चालावं लागेल. रक्त पातळ करायचं औषध लगेच सुरू करू.” तिने नर्सला खूण केली. “सकाळपासून काय खाल्लंय?”

“भाज्यांचा रस प्यायलेत,” मी म्हणाले. “त्यानंतरच सुरू झालं.”

“रसाचा काही संबंध नाही,” पलंगावरून आवाज आला. डोळे मिटलेले होते, पण मंडळाची बाजू मांडण्याइतकी शुद्ध होती. “रोज घेतो. काल रात्री मिसळ खाल्ली होती.”

मिसळ मीही खाल्ली होती. ते मी सांगितलं. डॉक्टर थांबली. “रसात दुधी होता?”

“होता.”

“कडू होता का?” तिने त्यांना विचारलं.

“रस कडूच असतो,” ते म्हणाले. “कारलं असतं त्यात.”

ती माझ्याकडे वळली आणि आवाज खाली आणून बोलली. “काकू, कडू निघालेला दुधी विषारी असतो. पोट आतून सोलवटून काढतो, प्रेशर पाडतो. तसं असेल आणि पोटात रक्त वाहत असेल, तर ही औषधं देऊन मी ते वाढवेन. आणि हार्ट अ‍ॅटॅक असेल तर थांबून नुकसान करेन. यांनी नीट सांगितलं तर बरं.”

नर्स ट्रे घेऊन उभी होती. स्वयंपाक करणारी कुठलीही बाई दुधीची चकती आधी जिभेला लावते, कडू निघाला तर टाकून देते. मीही तेच करते. पण हे भाजीचं काम नव्हतं, तपश्चर्येचं होतं. तिथे कडू लागणं म्हणजे फळ मिळणं. भांडं धुऊन झालं होतं. तो दुधी कसा होता हे जगात एकाच जिभेला माहीत होतं, आणि त्या जिभेचा जाहीर सत्कार झाला होता.

मी त्यांच्या कानाशी वाकले. “अहो, इथे मंडळ नाही. रोजच्यापेक्षा कडू होता का?”

त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

“मला तुम्ही घरी यायला हवे आहात. अध्यक्षांची अब्रू नंतर बघू.”

नर्सने ट्रे एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“कारलं नव्हतंच आज,” ते म्हणाले. “नुसता दुधी. पहिल्याच घोटाला जीभ बधिर झाली.”

“मग प्यायलात कशाला?”

“अर्धा टाकायचा नसतो.”

डॉक्टरने हात वर केला. ट्रे मागे गेला. पाचेक मिनिटांत झालेल्या उलटीत रक्त होतं, गडद, कॉफीच्या चोथ्यासारखं. मी ते पाहिलं आणि मग ट्रेकडे पाहिलं. त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या तर काय झालं असतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

“याला उतारा नाही,” डॉक्टर म्हणाली. “सलाइन, प्रेशर वर ठेवायचं औषध, पोटासाठी इंजेक्शन. बाकी वाट बघायची. हृदयाची रक्ततपासणी पुन्हा करू.”

अतिदक्षता विभागाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसले. मुलगी आली, माझ्या शेजारी बसली, गूगल उघडलं, वाचलं आणि फोन पालथा ठेवला. दार उघडलं की दोघी उठायचो. कुणा दुसऱ्याच्या नातेवाइकाला हाक असायची. दुपारी डॉक्टरने बाहेर येऊन सांगितलं की हृदयाची दुसरी तपासणी चांगली आली, पण प्रेशर अजून औषधाच्याच जोरावर उभं आहे.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. मी झालेलं सांगितलं. “दुसरं काहीतरी बाधलं असणार,” ते म्हणाले. “वेल मी स्वतः वाढवलाय. अजून दोन दुधी आहेत, उद्या मंडळात द्यायचे ठरलेत.”

“देऊ नका.”

“वहिनी, एका माणसावरून निष्कर्ष काढू नये.”

तेवढ्यात आत जायची परवानगी मिळाली. फोन कानाला तसाच घेऊन मी आत गेले. नवऱ्याने डोळे उघडले, कुणाशी बोलतेय ते ओळखलं आणि हात पुढे केला. मी फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

“साहेब,” आवाज खरवडल्यासारखा येत होता, “वेल उपटा.”

“अहो, आधी प्रयोगशाळेत तपासून घेऊ ना.”

“माझ्यावर तपासून झालाय,” ते म्हणाले. “आजच उपटा. त्या दोन दुधींना कुणी तोंड लावायच्या आत.”

पलीकडून अध्यक्षांच्या मागून एका बाईचा आवाज आला, बहुधा त्यांच्या पत्नीचा. “मी जाते वर. विळा कुठे ठेवलाय तुम्ही?”

नर्सने माझ्या हातातून फोन काढून घेतला. दंडाचा पट्टा पुन्हा फुगायला लागला आणि आम्ही दोघं पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिलो. या वेळी तो थोडा वर आला.