खणखणीत वर्ग

कल्याणच्या आमच्या शाळेमागेच रेल्वेचं यार्ड होतं. इंजिनाची शिट्टी झाली की शिक्षक वाक्य अर्धवट सोडून थांबायचे आणि ती संपली की पुढे शिकवायचे. अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, इंग्रजी शिकवणारे आमचे सर मात्र थांबत नसत. शिट्टीत त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत. त्यांची केवढी ही एकाग्रता, असं आम्ही घरी कौतुकाने सांगत असू.

मी पहिल्या बाकावर बसायची. एकदा सर फळ्यावर लिहीत असताना माझी कंपासपेटी दाणकन खाली पडली. सगळा वर्ग दचकला, सरांचा हात थांबलासुद्धा नाही. तेव्हा मला कळलं, त्यांना ऐकू येत नव्हतं. मी शेजारणीला सांगितलं आणि आठवड्याभरात ते वर्गभर झालं. फक्त सरांना सांगायची कोणाची प्राज्ञा नव्हती. त्याऐवजी आम्ही ओरडून उत्तरं द्यायला लागलो. शेजारच्या वर्गातून तक्रारी आल्या. सर मात्र खूश होते.

"बाकीचे वर्ग तोंडातल्या तोंडात पुटपुटतात," ते म्हणायचे. "हा वर्ग बघा, कसा खणखणीत!"

आम्ही फुशारायचो. आपण सरांना सांभाळून घेतो आहोत, अशी आमची समजूत होती.

त्या वर्षी अभ्यासाला एक जुनं शोकांत नाटक होतं. नायक शूर, उदार, भोवती भरलेला दरबार, आणि शेवटी सगळं हातचं जातं. सर सारखा एकच प्रश्न विचारत : त्याच्या पतनाचं कारण काय? उत्तरही त्यांनीच लिहून दिलेलं, अहंकार. मला त्या दरबाऱ्यांचा संताप यायचा. सगळं ठाऊक असून मेले माना डोलावत उभे! पण परीक्षेत दरबाऱ्यांना मार्क नव्हते, म्हणून मीही अहंकारच घोकला.

मग शाळातपासणी आली. आदल्या दिवशी मुख्याध्यापक वर्गावर येऊन बजावून गेले, "साहेबांसमोर आरडाओरडा चालणार नाही. नम्रपणे, हळू बोलायचं." दुसऱ्या दिवशी आम्ही अगदी शहाण्यासारखे वागलो. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. एका मुलाने उभं राहून हळू आवाजात उत्तर दिलं. सर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "मोठ्याने," ते म्हणाले. त्याने तेच पुन्हा हळू सांगितलं.

साहेबांनी जवळ येऊन सौम्यपणे विचारलं, "आपण या वर्गाला किती वर्षं शिकवता?"

"अहंकार, साहेब," सर ठामपणे म्हणाले.

कोणी हसलं नाही. साहेबांचा प्रश्न मी मोठ्याने सांगू शकले असते, वर्षभर दुसरं काय करत होते? पण हळू बोलायची ताकीद होती. मी वहीत बघत बसले.

जूनपासून सरांचं शिकवणं बंद झालं. त्यांना शाळेच्या ग्रंथालयात बसवलं. मी तोवर पास झाले होते, इंग्रजीत चांगले मार्क मिळवून. पतनाचं कारण परीक्षेत आलं होतं.

दाखला न्यायला शाळेत गेले तेव्हा ग्रंथालयात डोकावले. सर टेबलाशी एकटेच पुस्तकांना कव्हरं घालत होते. त्यांच्या डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी होती. मी जवळ जाऊन, शिस्तीप्रमाणे हळू, म्हणाले, "सर, आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं. चुकलं आमचं."

सरांनी मान वर केली. मला ओळखून त्यांना आनंद झाला.

"ते पुस्तक बाहेर गेलंय, बाळ," ते म्हणाले. "सोमवारी ये."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मला पुन्हा सांगता आलं असतं.

"बरं, सर," मी म्हणाले. एवढं मात्र मोठ्याने.