फळ्यांचा आवाज

माडांच्या हद्दीवरून चुलतभावाशी माझं वैर होतं. तरी जुना लाकडी ट्रॉलर घेताना तो मलाच घेऊन गेला, कारण घरातल्या जाणत्याने ठोकून बघितल्याशिवाय आमच्याकडे जुनी होडी कोणी घेत नाही.

ट्रॉलरला ताजा निळा रंग दिला होता. मी हातोडीने एकेक फळी ठोकत गेलो. इंजिनाखालच्या दोन फळ्या बद्द वाजल्या. रंगाच्या आत लाकूड कुजलं होतं. मी तिथेच पुन्हा ठोकलं.

"दादा, तुका अजून आयकाक येता मा?" विकणाऱ्याकडे बघून हसत भाऊ म्हणाला. "की उगीच ठोकतस?"

"बरो आसा. घे," मी म्हटलं.

त्याच मोसमात खोल समुद्रात त्या फळ्या सुटल्या आणि ट्रॉलर बुडाला. दुसऱ्या होडीने सगळ्यांना वाचवलं. भाऊ आता परक्याच्या होडीवर जाळी ओढतो आणि विकणाऱ्याला शिव्या घालतो. सगळा गाव घालतो. मीही घातल्या.

विकणाऱ्याने कूज लपवली, हे खरं. पण मला ती कळली होती. भावाची खोड मोडावी म्हणून मी 'घे' म्हटलं. त्याच्यासोबत चार खलाशी होते. त्यांच्याशी माझं काहीच भांडण नव्हतं.